आरसी (रिमोट कंट्रोल) गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स घेताय? या चुका टाळा

"स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी क्षणभर मरते, मग आपोआप जिवंत होते. रिसीव्हर गेला का?" नव्या आरसीवाल्यांची ही हमखास तक्रार. रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा गाडीतला डबा, बहुतेक वेळा ठणठणीत असतो, उपाशी असतो इतकंच.

त्याला आणि चाकं वळवणाऱ्या सर्व्होला वीज पुरवते ईएससीमधली (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधली) बीईसी. ती बॅटरीचे ७.४ व्होल्ट उतरवून ५-६ व्होल्ट देते, आणि स्वस्त ईएससीत तिची ताकद जेमतेम २-३ अँपिअर. आपण मात्र जाहिरात पाहून '२० किलो' जोराचा सर्व्हो आणतो. चाक दगडात अडकलं की तो विजेवर तुटून पडतो, व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर रीस्टार्ट होतो. खात्री करायची तर चाकं उचलून, सर्व्होची वायर काढून थ्रॉटल द्या. आता गाडी मरत नसेल तर नवा रिसीव्हर मागवू नका.

पैसे न खर्चता आधी ट्रान्समीटरवर (हातातल्या रिमोटवर) स्टिअरिंगचा एंड पॉइंट, म्हणजे सर्व्हो किती वळेल ती मर्यादा, कमी करा. चाक पूर्ण वळल्यावरही सर्व्हो गुणगुणत असेल तर तो उगाच ढकलतोय. एकास दहा मापाच्या साध्या गाडीला मेटल गिअरचा ९-१० किलोचा सर्व्हो पुरे. दगडधोंड्यांवर चढणाऱ्या क्रॉलरला जास्त लागतो, तिथे वेगळी बीईसी जोडा. मात्र ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावायला विसरू नका.

मोटरवर मी सगळ्यात कमी खर्च करतो. प्लॅस्टिक गिअरच्या गाडीत महागडी ब्रशलेस बसवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय पहिल्याच दिवशी डिफरन्शियलचे दात जातात. ५४० मापाची साधी ब्रश्ड (कार्बन ब्रशवाली) मोटर मजेत चालते. फक्त टर्न (मोटरमधल्या तारेचे वेढे) जितके कमी, तितका करंट जास्त. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० सारखी लोकप्रिय ईएससी २एस लायपोवर (दोन सेलच्या लिथियम बॅटरीवर) १२ टर्नपर्यंतची मोटर झेलते, पण ३एसवर किमान १८ टर्न हवेत. १२ टर्नला ३एस लावून धूर काढणारे बहाद्दर कमी नाहीत.

ईएससीवरचा छोटा जंपरही (बॅटरीचा प्रकार निवडायची टोपी) बघा. तो निकेलच्या बॅटरीसाठी लावलेला राहिला तर बॅटरी उतरली की गाडी थांबवणारा लायपोचा कटऑफ वेळेत लागत नाही, सेल ३ व्होल्टखाली जातो आणि पॅक फुगतो. फुगलेला पॅक पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही, 'अजून एकदाच' म्हणतही नाही.

पॅकवरच्या 'सी'च्या (पॅक किती करंट देऊ शकतो त्याच्या) आकड्यावर भुलू नका. ५००० एमएएच गुणिले २५ सी म्हणजे १२५ अँपिअर, हे झालं कागदावर. १५०० एमएएचच्या पॅकवर '१०० सी' छापलंय आणि वायर मात्र बुटाच्या नाडीपेक्षा बारीक? ठेवा परत.

असा पॅक न घेता वाचलेले पैसे बॅलन्स चार्जरला (सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरला) घाला. आणि ट्रान्समीटर निवडताना त्याचा जादा रिसीव्हर कितीला मिळतो ते आधी विचारा. दोन्हींवर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची जोडी सहसा जुळत नाही.