नॅनोमीटर शिकवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे "केसाच्या जाडीचा लाखावा भाग" एवढं सांगून पुढं सरकणं. मीही वर्षानुवर्षं हेच सांगायचे. सातवीच्या वर्गात असंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगा भिंग घेऊन आला. वहीच्या पानावर आईचा लांब केस, दोन्ही टोकांना चिकटपट्टी. "बाई, सापडला नॅनोमीटर!" केसाला चिकटलेला धुळीचा कण होता तो. त्याला नाही म्हणताना जीव थोडा थोडा झाला, कारण त्यानं मेहनत केली होती आणि चूक माझी होती. केस त्याच्या ओळखीचा होता, पण लाखावा भाग किती, हे मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कागदाचा रिम घेऊन वर्गात जाते. ५०० कागद, उंची साधारण ५ सेंटिमीटर. पट्टी लावून मुलंच मोजतात, भागाकारही तीच करतात. एका कागदाची जाडी निघते ०.१ मिलिमीटर. मग मिलिमीटरचे हजार भाग केले की मायक्रॉन आणि मायक्रॉनचे हजार भाग केले की नॅनोमीटर, अशा दोन पायऱ्या उतरायच्या. म्हणजे त्या एका कागदाच्या जाडीत एक लाख नॅनोमीटर. आता कागद चिमटीत धरलेल्या मुलाला लाख म्हणजे काय ते कळतं. याला पूर्ण तास लागतो. नवे शिक्षक पाच मिनिटांचा व्हिडिओ दाखवून मोकळे होतात, ते मला पटत नाही. मुलांच्या हाताला काही लागायलाच हवं.

फळ्यावर ०.००००००००१ मीटर असं लिहू नका. मुलं शून्यं मोजत बसतात.

"जंतू नॅनोमीटरएवढे असतात" हेही नको. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ मायक्रॉन, म्हणजे २००० नॅनोमीटर लांब असतो. कोरोनाचा विषाणूसुद्धा १०० नॅनोमीटरच्या आसपास.

शेवटी नखाचं गणित घालते. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे ३० लाख नॅनोमीटर. ३० दिवसांचे सेकंद २५,९२,०००. उत्तर येतं सेकंदाला एक नॅनोमीटरहून किंचित जास्त. मग वर्ग आपापल्या बोटांकडे बघत गप्प होतो. घंटा व्हायला आली असली तरी त्या वेळी मध्ये बोलू नका.