लग्नसराईआधी बास गिटारची तयारी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या ऑर्केस्ट्राचे फोन सुरू होतात, ते अखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून गेल्यावरच थंडावतात. यंदा माझा भाचा पहिल्यांदाच बास घेऊन स्टेजवर उभा राहणार आहे. "मामा, काय काय लागतं त्याची यादी दे," म्हणाला. वहीत एक, दोन, तीन आकडे टाकून बघितले, पण दर आकड्याला एक किस्सा चिकटलेला निघाला. मग आकडे खोडले आणि सलगच लिहून काढलं. त्याच्यासारखी आणखी पोरं असतीलच.

सगळ्यात आधी माझी चूक. वैशाखातलं लग्न, तापीकाठचं गाव. मी गिटार टेम्पोच्या टपावर टाकली. काळं कव्हर, वर ताडपत्री, सकाळी अकरापासूनचं ऊन. संध्याकाळी उतरवली तर कव्हरच्या चेनचा हाताला चटका बसला. तारा तापून ढिल्या पडल्या होत्या, मी तशाच सुरात लावल्या आणि स्टेजवर चढलो. रात्री वारं सुटलं, तारा गार होत गेल्या आणि सूर वर चढत गेला. कीबोर्डचा सूर जागचा हलत नाही, माझा मात्र दर गाण्याला पुढे सरकत होता. कीबोर्डवाला माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती अजून आठवते. तेव्हापासून आमचा नियम असा की गिटार केबिनमध्ये माणसांबरोबर येते आणि कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर अर्धा तास तरी कव्हरबाहेर सावलीत ठेवून मगच ट्यून होते.

गिटार घ्यायची बाकी असेल तर पहिला प्रश्न कंपनीचा नाही, गायकांचा आहे. तुमच्या पार्टीतले गायक कुठल्या पट्टीत गातात ते लिहून काढा. चार तारांच्या बासवर सगळ्यात खालचा सूर म्हणजे मोकळी ई, आपल्या भाषेत पांढरी तीन. गायिका काळी दोनमध्ये गात असेल तर तिचा षड्ज तुमच्या शेवटच्या तारेच्या फक्त अर्ध्या सुरानं खाली असतो आणि तोच नेमका मिळत नाही. मग ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट), म्हणजे एक सप्तक वर जावं लागतं आणि ढोलकीखाली जो भरीवपणा हवा तो निघून जातो. पाच तारांच्या गिटारवर तोच सूर खालच्या बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर आयता सापडतो. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन या चार पट्ट्या तुमच्याकडे रोजच्या असतील तरच पाच तारांचा विचार करा. नाहीतर चार पुरेत. नेक, म्हणजे गिटारचा दांडा, अरुंद, वजन कमी, तारांचा सेट स्वस्त. भाच्याला मी चारच घ्यायला लावली, कारण त्याच्या पार्टीचा मुख्य गायक पांढरी चारच्या खाली उतरत नाही.

आकाराचं सांगायचं तर नेहमीच्या बासची स्केल, म्हणजे नटपासून (खुंट्यांकडची तारांची खाच) ब्रिजपर्यंतची (बॉडीवर तारा जिथे अडकतात) तारेची लांबी, 34 इंच असते. हात लहान असेल तर 30 इंचांचीही मिळते, पण तिच्यावर खालची तार जरा मऊ आणि सैल लागते. लिओ फेंडरनं 1951 मध्ये प्रिसिजन बास आणली आणि 1960 मध्ये जाझ बास. आज दुकानात ज्या गिटारी टांगलेल्या दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा या दोघींच्या लेकी-नाती. प्रिसिजनच्या घराण्यात मधोमध दोन तुकड्यांचा एक पिकअप (तारेचं कंपन उचलणारं चुंबकी वेटोळं) असतो (1957 पासूनची रचना), तो विजेची घरघर स्वतःच मारतो. जाझच्या घराण्यात सिंगल कॉइलचे दोन पिकअप असतात. दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा असला तर घरघर दबते, एकच वाढवला की परत येते. नटजवळ जाझचा नेक साधारण 38 मिलिमीटर, म्हणजे बोटांना सोपा. तरीही गावोगावच्या मंडपांतली वीज बघता मी प्रिसिजनच्या बाजूचा आहे. जाझवाले भांडायला येतील, येऊ देत.

दुकानात गेल्यावर रंगाकडे नंतर बघा. गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरा आणि ब्रिजच्या बाजूनं नेकवरून नजर टाका. पीळ पडलेला दिसला तर सरळ खाली ठेवा, कारण पुढे-मागे झुकलेला नेक आतल्या ट्रस रॉडनं (लोखंडी सळईनं) सरळ होतो, पीळ निघत नाही. मग तळवा नेकच्या कडेवरून वरून खाली फिरवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची टोकं मात्र तेवढीच राहतात आणि ती करवतीसारखी टोचायला लागतात. मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवून बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. शेवटी जॅक लावून सगळे नॉब फिरवा. खरखर आली तर नॉबखालच्या पॉटमध्ये धूळ आहे, ती साफ होते. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर आत सोल्डरचा डाग सुटलाय, तोही अवघड नाही, पण भाव कमी करून घ्यायला दोन्ही गोष्टी कामाच्या. आणि सगळे पैसे गिटारवर उडवू नका. चारातले तीन भाग गिटारला, उरलेला एक सेटअप, तारा, केबल आणि बॅगेला.

आता सेटअप, म्हणजे गिटार वाजवायला नीट लावून घेणं. हे काम कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी करायचं, आदल्या रात्री नाही, कारण नेकला बसायला वेळ लागतो. क्रमही ठरलेला: आधी नव्या तारा, मग नेकचा झोल (पुढे आलेला बाक), मग तारांची उंची, शेवटी इंटोनेशन, म्हणजे दर फ्रेटवर सूर खरा लागणं. क्रम मोडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तारा 45 ते 105 च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेचा वेढा असलेल्या, घ्या. एकदम चारही सोडू नका, एक काढली की तिथे दुसरी चढवा, म्हणजे नेकवरचा ताण एकदम जात नाही. खुंटीपासून साधारण 12 सेंटिमीटर पुढे मोजा, तिथे तार पकडीनं काटकोनात वाकवा आणि वाकवल्यानंतर पुढचा तुकडा कापा. न वाकवता कापली की वरचा वेढा आतल्या तारेवर सैल होतो आणि नवी कोरी तार पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खुपसा आणि वेढे वरून खाली येऊ द्या, तीन पुरेत. जुन्या तारा फेकू नका. दहा मिनिटं पाण्यात उकळून कोरड्या पुसल्या की त्यातला घाम-मळ निघतो आणि त्या दोन-चार कार्यक्रम तरी जिवंत होतात. पातेलं मात्र वेगळं ठेवा. आमच्याकडे डुबुकवड्यांच्या पातेल्यात उकळल्या होत्या, त्यावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नेकचा झोल बघायला मोठं यंत्र लागत नाही. गिटार सुरात लावा, वाजवताना धरतो तशी मांडीवर घ्या. ई तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताच्या बोटानं दाबा आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर उजव्या हाताच्या कोपरानं किंवा दुसऱ्या माणसाच्या बोटानं. आता तार म्हणजे तुमची मोजपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली जेमतेम एक व्हिजिटिंग कार्ड सरकलं पाहिजे, साधारण 0.3 मिलिमीटर. कार्ड लोळत असेल तर झोल जास्त, ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. कार्ड शिरतच नसेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा ट्यून, मग पुन्हा कार्ड. नट जड लागला तर जोर करू नका, तिथेच थांबून कारागिराकडे न्या. आतला रॉड तुटला तर नेक गेला. पाना अचूक मापाचा घ्या. जवळपासच्या मापाचा पाना नटची धार खातो आणि मग तो कुणालाच फिरवता येत नाही.

हा झोल आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी बदलतो. भुसावळ-जळगावकडे मेमध्ये पारा 45 च्या आसपास असतो, हवा भट्टीतल्यासारखी कोरडी. तेव्हा नेक बहुधा मागे जातो आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर बझ (तार फ्रेटला घासून होणारी झणझण) येतो. आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की तोच नेक पुढे झुकतो आणि तारा उंच वाटतात. म्हणून कार्डाची तपासणी एकदा श्रावणात कानबाई बसायच्या सुमारास आणि एकदा होळीनंतर. उन्हाळ्यात साबणदाणीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा आणि ती डबी केसमध्ये ठेवा, पाणी ठिबकायला नको. पावसाळ्यात तिथेच बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. फ्रेटबोर्ड रोजवुडचा असेल तर वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइलचे चार थेंब फडक्यावर घेऊन पुसा. मेपलच्या पॉलिशवाल्या बोर्डाला तेल लावायचं नसतं.

उंचीला कंपासपेटीतली पोलादी पट्टी चालते. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली अडीच मिलिमीटर, जी तारेखाली दोन, इथून सुरुवात करा. जोरात ओढून वाजवणाऱ्यानं थोडी उंच ठेवावी. इंटोनेशनला बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) नेकपासून मागे, उतरता असेल तर पुढे. बस्स.

आता विजेकडे, कारण गिटार कितीही लावलेली असो, मंडपातल्या बोर्डात काय आहे ते आपल्या हातात नसतं. बॅगेत साधा मल्टिमीटर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या जवळपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्याच्या आसपास. हे जुळत नसेल तर काहीही लावायच्या आधी मंडपवाल्याला हाक मारा. बासच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. माइकची लाइन दुसऱ्याच अर्थवर असेल किंवा अर्थ कुठेच नसेल तर तारांवर हात आणि माइकला ओठ लागला की झटका बसतो. मला एका हळदीला असा बसला की दोन कडवी मी तोंड उघडून नुसता उभा होतो आणि लोकांना वाटलं आलाप चाललाय. तेव्हापासून मीटरची एक सुई तारेवर, दुसरी माइकच्या जाळीवर ठेवून बघितल्यावरच कोरस गातो. आणि घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका. घरघर घालवायला डीआय बॉक्सवर (गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, तेवढं पुरतं.

डीआय बॉक्स यादीत असायलाच हवा. गावोगावच्या साउंडवाल्याकडे बासचा ऍम्प नसतो, मोठे बिन (स्पीकरची खोकी) असतात. बासची केबल सरळ मिक्सरमध्ये खुपसली की आवाज बोथट होतो आणि लांब वायरीत घरघर भरते. डीआय मधे असला की साउंडवाला स्टेजपासून कितीही लांब बसो. घरी रियाजाला 15-20 वॉटचा बास ऍम्प भरपूर झाला. लीड गिटारच्या ऍम्पवर बास मोठ्यानं वाजवू नका, त्याचा स्पीकर त्यासाठी नसतो. बाहेरून कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) जोडत असाल तर 8 ओहमची दोन समांतर जोडल्यावर 4 ओहम होतात, ऍम्पला तेवढं झेपतं का ते मागच्या पाटीवर वाचा. ऍम्प ते कॅबिनेट वायर स्पीकरची वेगळी असते, गिटारची केबल तिथे लावायची नाही.

बॅगेत शेवटी काय? पाच-सहा मीटरच्या दोन केबल, एक लागतेच आणि दुसरी पहिली तुटते म्हणून. ऍलन की, पकड, छोटा स्क्रूड्रायव्हर, जॅकच्या नटाला बसणारा पाना, कारण तो नट टेम्पोच्या हादऱ्यानं सैल होतो आणि नुसता जॅक फिरवत बसलात तर आतली वायर पिळवटून तुटते. ई तारेची एक जादा प्रत. गिटार ऍक्टिव्ह, म्हणजे आत सेलवर चालणारं सर्किट असलेली, असेल तर 9 व्होल्टचा नवा सेल, आणि कार्यक्रम संपताच जॅक काढायचा, कारण बहुतेक गिटारींत जॅक आत असेपर्यंत सेल जळत राहतो. सेलवर बदलल्याची तारीख चिकटपट्टीनं लिहून ठेवा. एक जुनं सुती फडकं. रात्री एकला सगळे शेवभाजीवर तुटून पडतात तेव्हा आधी चारही तारा वरून-खालून पुसून घ्या, मग हात धुऊन पंगतीत बसा.

परवा निघताना टेम्पोच्या ड्रायव्हरनं स्वतःच पुढचं दार उघडून धरलं आणि विचारलं, "भाऊ, तुनी बाई बसनी का?" भाचा मागे ढोलक्यांच्या गठ्ठ्यावर बसून आला.