पुण्याच्या उकाड्यात सेन्सर थंड कसा ठेवावा: खगोलछायाचित्रणातील नॉइज कमी करण्याची पद्धत

धनु आणि वृश्चिक राशींतला आकाशगंगेचा सर्वात समृद्ध भाग पुण्यातून पाहण्याचे दिवस नेमके एप्रिल-मे महिन्यांत येतात, आणि याच दिवसांत मध्यरात्रीही हवेचे तापमान पुष्कळदा 25 अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळत असते. सलग एक्स्पोजर घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर हवेपेक्षाही पाच-दहा अंशांनी अधिक तापतो. परिणामी पाच मिनिटांच्या एका फ्रेममध्ये तेजोमेघाच्या मंद कडा दाणेदार होतात आणि लाल, निळे, हिरवे ठिपके सर्वत्र विखुरलेले दिसतात. चित्रातला हा नको असलेला दाणेदारपणा म्हणजेच नॉइज. सेन्सर थंड करणे हा त्यावरचा सर्वात परिणामकारक उपाय आहे. परंतु किती थंड करायचे आणि त्यासाठी किती खर्च करायचा, हे थोड्या हिशेबानेच ठरवायला हवे.

सेन्सरवर प्रकाशाचा कणही पडला नाही, तरी सिलिकॉनमधील उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि पिक्सेलमध्ये साठत जातात. यालाच डार्क करंट म्हणतात. तापमान साधारणपणे सहा-सात अंशांनी उतरले, की तो निम्म्यावर येतो. डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून तेवढ्याच कालावधीची घेतलेली फ्रेम, वजा केल्यावर हा प्रश्न मिटतो, असा पुष्कळांचा समज असतो, पण तो अर्धाच बरोबर आहे. वजाबाकीने या प्रवाहाची सरासरी निघून जाते, त्यातील यादृच्छिक चढउतार मात्र चित्रातच राहतो, आणि तो जमलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो.

समजा, 30 अंशांना एखाद्या सेन्सरच्या पिक्सेलमध्ये दर सेकंदाला 0.1 इलेक्ट्रॉन जमतो. 300 सेकंदांत 30 इलेक्ट्रॉन जमतील. कॅमेऱ्याचा रीड नॉइज, म्हणजे पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्समुळे येणारा नॉइज, 2 इलेक्ट्रॉन धरला, तर दोन्हींचा एकत्रित नॉइज सुमारे 5.8 होतो. दर सहा अंशांना निम्मे या हिशेबाने तोच सेन्सर 18 अंशांवर आणला तर हा आकडा 3.4, 6 अंशांवर 2.4, शून्यावर 2.2 आणि उणे 6 अंशांवर 2.1 असा उतरतो. पहिल्या बारा अंशांनी मोठा फायदा दिला, तर शेवटच्या सहा अंशांनी जवळजवळ काहीच दिले नाही, कारण उरलेला नॉइज रीड नॉइजचा आहे आणि थंडाव्याचा त्यावर इलाज नाही. त्यामुळे सेन्सर थंड करणाऱ्या तयार कॅमेऱ्यांच्या “उणे 20 अंशांपर्यंत जातो” या जाहिरातीला पुण्याच्या उन्हाळ्यात फारसे महत्त्व देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी चाचणी घ्यावी

खर्च करण्यापूर्वी आपल्या चित्रांतला नॉइज नेमका कुठून येतो, हे तपासावे. नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या आयएसओवर (संवेदनशीलतेच्या आकड्यावर) आणि नेहमीच्या कालावधीची आकाशाची एक फ्रेम घ्यावी, लगेच झाकण लावून तेवढ्याच कालावधीची दुसरी घ्यावी, आणि तिसरी झाकण लावूनच, पण कॅमेऱ्याच्या सर्वात वेगवान शटरवर घ्यावी. ही तिसरी म्हणजे बायस फ्रेम. कॅमेरे पुष्कळदा स्वतःच डार्क करंटची सरासरी दाबून टाकतात, म्हणून केवळ सरासरी आकड्यांवर विसंबू नये. तिन्ही फ्रेमच्या मधल्या छोट्या चौकोनातील प्रमाणित विचलनही, म्हणजे पिक्सेलचे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत तेही, पाहावे. झाकण लावलेल्या लांब फ्रेमचे विचलन बायसपेक्षा किंचितच जास्त आणि आकाशाच्या फ्रेमचे त्याहून कितीतरी मोठे असेल, तर तुमचा खरा शत्रू आकाशातला उजेड आहे. कोथरूड किंवा हडपसरच्या गच्चीवरून फिल्टरशिवाय चित्रण करणाऱ्यांना बहुधा हेच उत्तर मिळेल. त्यांनी थंड कॅमेऱ्याचे पैसे वेल्हे, भोर किंवा जुन्नरकडच्या फेऱ्यांवर खर्च केले, तर चित्र अधिक सुधारेल. मात्र त्याच गच्चीवर हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे तेजोमेघांतील हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा सात नॅनोमीटर रुंदीचा पट्टाच आत सोडणारा फिल्टर लावला, की शहराचा बहुतेक उजेड अडतो, एक्स्पोजर लांबते आणि डार्क करंट पुन्हा ठळक होतो. अरुंद पट्ट्याच्या फिल्टरने शहरातून काम करणाऱ्याला थंड सेन्सर खरोखर उपयोगी पडतो.

साधा डीएसएलआर असेल तर

लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दिसणारे थेट दृश्य, फक्त फोकसपुरताच वापरावा आणि नंतर बंद करावा. फिरवता येणारा स्क्रीन कॅमेऱ्याच्या पाठीपासून दूर उघडून ठेवावा, आतील बॅटरीऐवजी डमी बॅटरीतून बाहेरचा वीजपुरवठा द्यावा, आणि दोन एक्स्पोजरमध्ये अर्धा ते एक मिनिट विश्रांती ठेवावी. माउंटला (ताऱ्यांचा माग घेत कॅमेरा फिरवणाऱ्या बैठकीला) दोन फ्रेमच्या मध्ये काही पिक्सेल सरकवणारे डिथरिंग तर चुकवूच नये. तापलेले पिक्सेल दर वेळी वेगळ्या ताऱ्यांशेजारी पडतात आणि फ्रेम एकत्र करताना गाळले जातात. कॅननच्या अनेक मॉडेलमध्ये प्रत्येक फाइलबरोबर कॅमेऱ्याचे आतले तापमान नोंदले जाते. रात्रभरात ते कसे चढते, हे एकदा पाहिले, की विश्रांतीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पेल्टियर पट्टी (वीज दिल्यावर एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी), हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा सहज मिळतात, त्यामुळे स्वतःच काही जुळवण्याचा मोह होतो. टीईसी1-12706 ही चार सेंटिमीटर बाजूची चौरस पट्टी 12 व्होल्टवर चालवली, तर तिच्या गरम बाजूवर पन्नास वॅटच्या आसपास उष्णता गोळा होते. हीटसिंकशिवाय ती क्षणभरही चालू करू नये. मोठा हीटसिंक, थर्मल पेस्टचा पातळ थर आणि कमी व्होल्टेज ही जुळणी जास्त समंजस ठरते, कारण कमी प्रवाहावर पट्टीची कार्यक्षमता वाढते. धातूची पाठ असलेल्या ग्रहांच्या चित्रणासाठीच्या छोट्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग करायला हरकत नाही. डीएसएलआर उघडून सेन्सरमागे तांब्याची पट्टी बसवणे मात्र मी कुणालाही सुचवणार नाही. थंडावा मिळतो, पण आतील प्रत्येक थंड भागावर ओल धरू शकते आणि सर्किट बोर्ड निकामी होऊ शकतो.

थंड कॅमेरा वापरताना

तयार थंड कॅमेऱ्यातही पेल्टियरच असतो. फरक एवढाच, की सेन्सर बंद, कोरड्या कप्प्यात असतो आणि तापमान ठरावीक आकड्यावर स्थिर राखले जाते. ही स्थिरताच सर्वात मोलाची आहे. असे कॅमेरे साधारणपणे हवेपेक्षा 30 ते 35 अंश खाली जातात. जानेवारीतल्या 12 अंशांच्या रात्री उणे 20 गाठता येते, पण मे महिन्यात तोच आकडा मागितला, तर कूलर शंभर टक्क्यांवर धापा टाकतो, बॅटरी लवकर संपते आणि तापमान तरीही डळमळत राहते. म्हणून आजच्या सीमॉस सेन्सरसाठी पुण्यात ऑक्टोबर ते मे शून्य अंश हा एकच आकडा ठेवावा. वरच्या हिशेबाप्रमाणे त्याखाली मिळणारा फायदा नगण्य आहे, आणि एकाच तापमानाच्या डार्क फ्रेम हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही चालतात. जुन्या पद्धतीच्या सीसीडी सेन्सरच्या कॅमेऱ्यांचा डार्क करंट जास्त असतो. त्यांना हिवाळ्यात उणे 15 आणि उन्हाळ्यात उणे 5 असे दोन आकडे ठेवणे योग्य.

कॅमेरा चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधून तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू उतरवावे. ते स्थिर झाल्यावर कूलरची शक्ती ऐंशी टक्क्यांच्या आत आहे ना, हे पाहावे. नसल्यास पाच अंश वर सरकावे. कूलरसाठी 12 व्होल्टवर 3 अँपिअरपर्यंतचा वेगळा पुरवठा ठेवावा आणि मागच्या पंख्याच्या जाळीवर दवरोधक पट्टा किंवा कापड चुकूनही गुंडाळू नये.

दवाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. हवा 25 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असेल, तर दवबिंदू 14 अंशांच्या जवळ येतो, म्हणजे शून्यावरचा सेन्सर त्याच्या कितीतरी खाली असतो. कप्प्यातील हवा कोरडी नसेल, तर सेन्सरवर बर्फ धरतो. चाचणीची फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये ताणून, म्हणजे मंद भाग उजळवून पाहिली, की मध्यभागी पानाच्या शिरांसारखी फाटे फुटलेली नक्षी दिसते आणि पुढच्या फ्रेममध्ये ती वाढलेली असते. सर्व ताऱ्यांभोवती धूसर प्रभावळ आली आणि ती मध्यभागी जास्त गडद असेल, तर दव बहुधा बाहेरच्या काचेवर आहे. तिथे काचेचा हीटर चालू करणे पुरते. बर्फाच्या बाबतीत मात्र कूलर बंद करून, घरी आल्यावर कप्प्यातील सिलिका जेलच्या गोळ्या उत्पादकाने दिलेल्या पद्धतीने भाजून बदलाव्यात.

डार्क फ्रेमसाठी मोकळ्या आकाशाची गरज नाही. घरी अंधाऱ्या खोलीत धातूचे झाकण लावून, वर काळे कापड टाकून, त्याच तापमानाच्या, त्याच गेनच्या (संवेदनशीलतेच्या) आणि त्याच कालावधीच्या तीस-चाळीस फ्रेम घ्याव्यात. प्लास्टिकच्या झाकणातून अवरक्त प्रकाश झिरपतो, म्हणून ते टाळावे. कोपऱ्यातून अँप ग्लो (सेन्सरच्या स्वतःच्या सर्किटमुळे पडणारा उजेड) येणाऱ्या सेन्सरमध्ये, उदाहरणार्थ सोनीच्या आयएमएक्स294 मध्ये, कालावधी थोडाही वेगळा चालत नाही. डार्क फ्रेम प्रमाणात वाढवून किंवा घटवून वापरल्यास तो उजेड पूर्णपणे निघत नाही. तापलेले पिक्सेल काळानुसार बदलत असल्याने हा संच सहा महिन्यांनी नव्याने घ्यावा.

पहाटे काम संपल्यावर तापमान हळूहळू वर आणून मगच वीज बंद करावी आणि झाकण लावावे. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. निळे जेल गुलाबी पडले, की पुडी बदलावी.