कयाक नंतर घ्या, आधी अंगावरचं बघा

मे महिन्यात मी साताऱ्याला सुट्टीवर आलो की सप्टेंबरात कॅनडातल्या व्हँकुव्हरकडं निघणारी पोरं-पोरी घरी येऊन जातात. कुणी कराडचं, कुणी पलूसचं, यंदा एक सांगलीवाडीचा होता. घरभाडं, बँक, भाज्या कुठं मिळतात हे सगळं विचारून झालं आणि उठता उठता त्यानं विचारलं, "काका, तिथं कयाकवरनं मासे धरतात ना? पहिल्या पगारात कयाक घेऊ का?" कृष्णेच्या काठचं पोरगं, आयर्विन पुलावरनं उड्या मारलेलं. त्याला जे सांगितलं तेच इथं सगळ्यांसाठी लिहितो. पहिल्या पगारात कयाक, म्हणजे वल्ह्याची ती अरुंद होडी, घेऊ नका. आधी अंगावर काय घालणार ते ठरवा.

आपण पाठीला डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. मुटका मारला, सूर मारला, माहुलीला संगमावर पैलतीर गाठला. थंडीतल्या सकाळी कृष्णेचं पाणी झोंबतं, पण चार हात मारले की अंग गरम होतं. आपल्या मनात पाण्याची भीती म्हणजे बुडण्याची भीती, आणि ज्याला पोहता येतं त्याला ती नसते. तिथं हा हिशेब लागू पडत नाही. हिवाळ्यात तिथला समुद्र ७-८ अंशांवर असतो. मे-जूनमध्ये हवा पंचविशीत जाते, लोक अर्ध्या बाहीचे शर्ट घालून फिरतात, आणि त्याच दिवसांत डोंगरावरचा बर्फ वितळून नद्यांना येत असतो. नवीन माणूस फसतो तो नेमका या दिवसांत. कपडे हवा बघून घालायचे नाहीत, पाणी बघून घालायचे.

मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा हिशेब १-१०-१ असा आहे. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला. पाण्यात पडताक्षणी माणूस मोठ्यानं श्वास आत ओढतो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही जातो. मग सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. त्यानंतर बोटं वळत नाहीत, दोरी धरवत नाही. आणि साधारण १ तासानं शुद्ध हरपते. तो तास मिळतो तोही लाइफजॅकेट अंगात असेल तर. पाणी अंगातली ऊब हवेच्या जवळजवळ २५ पट वेगानं ओढून घेतं, त्यामुळं "थोडा वेळ काढू कसातरी" हे तिथं चालत नाही.

आता वेडर. छातीपर्यंत येणारी, पायमोज्यांसकट एकसंध अशी ही जलरोधक विजार. दुकानात गेलात की मासेमारीच्या विभागात पहिली हीच दिसेल, किंमतही आवाक्यातली. ती बनली आहे नदीत उभं राहून गळ टाकणाऱ्यासाठी. कंबरभर पाण्यात उभं राहायला तिच्यासारखं काही नाही. कयाकवरही ती उपयोगाची असते: काठावरून होडी पाण्यात ढकलताना, उतरताना, वल्ह्यावरून मांडीवर ठिबकणारं पाणी अडवायला. पण वरून ती उघडी असते. तुम्ही पाण्यात पडलात की पाणी छातीवरून आत शिरतं.

आत पाणी भरलं की वेडर दगडासारखी तळाला ओढते असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. पाण्यात पाण्याला वजन नसतं. खरी अडचण वर चढताना येते. आतलं पाणी घेऊन स्वतःला होडीवर उचलायचं म्हणजे भरलेली पखाल खांद्यावर घेऊन भिंत चढण्यासारखं आहे. हे मी भोगलंय. तिथल्या दुसऱ्या वसंतात, इंडियन आर्मच्या खाडीत, काठापासून फार तर दोनशे हातांवर मी उलटलो. अंगात वेडर, वर सुती हुडी, पट्टा सैल. तीन वेळा कयाकवर चढायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा घसरलो. चौथ्यांदा हातच वर येईनात. सोबतच्या माणसानं त्याची होडी आडवी लावली आणि मला काखेतून ओढून घेतलं, म्हणून आज लिहितोय. माहुलीला पैलतीर गाठणारा मी, दोनशे हात पोहू शकलो नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वेडर घ्यायचीच असेल तर हवा खेळणाऱ्या कापडाची, मोजेवाली घ्या आणि त्यावर वेगळे निओप्रीनचे, म्हणजे स्पंजासारख्या रबराचे, बूट. बूट चिकटलेली वेडर कयाकवर अवघडते. कंबरेला पट्टा घट्ट आवळा, वरून कमरेशी बंद होणारं पॅडलिंग जॅकेट, म्हणजे वल्हवताना घालायचं जलरोधक जाकीट, घाला, म्हणजे पाणी आत शिरायला वेळ लागतो. आणि एवढं करूनही ती फक्त भर उन्हाळ्यात, कोमट उथळ तळ्यात, काठ धरून वापरा. खाडीत, समुद्रात, बर्फाच्या पाण्याच्या नदीत ड्रायसूट.

ड्रायसूट म्हणजे अंगभर एकसंध जलरोधक पोशाख. तो मानेशी आणि मनगटाशी गॅस्केटनं, म्हणजे घट्ट रबरी पट्टीनं, बंद होतो, पायाला मोजे जोडलेले असतात, पाणी आत येतच नाही. नवा घ्यायचा तर हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढं जातो, हे ऐकून पोरांचे चेहरे उतरतात. पहिल्या वर्षी भाड्यानं घ्या. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, ड्रायसूट ऊब देत नाही, फक्त कोरडं ठेवतो. पाटण-जावळीकडं भातलावणीला बाया इरलं घेतात आणि माणदेशी मेंढपाळ पावसात घोंगडी घेतो, त्यातला हा फरक. ड्रायसूट म्हणजे इरलं. आत घोंगडी तुम्ही घालायची: अंगालगत मेरिनो लोकरीची बंडी आणि विजार, त्यावर फ्लीस. घोंगडी भिजली तरी ऊब धरते हे आपल्या माणसांना सांगायला नको. सुती बनियन आणि जीन्स मात्र घरी ठेवा. भिजलेलं सूत अंगाला चिकटतं आणि ऊब खातं.

घातल्यावर उकिडवं बसा, गुडघे पोटाशी घ्या, मानेचं गॅस्केट बोटानं जरा ओढून आतली हवा सोडा, नाहीतर पाण्यात फुग्यासारखे तरंगाल. उकिडवं बसताना खांदे किंवा काखा ओढल्या गेल्या तर माप चुकलं. लघवीसाठीची झिप असलेलाच घ्या. मुलींसाठी ती बहुतेक मागच्या बाजूनं येते. ती नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते अंगाला घातक आहे. सनस्क्रीन आणि डासांचं मलम लेटेक्सच्या गॅस्केटला खातं, हात पुसून मगच ओढा.

जुना ड्रायसूट घेताना पंक्चरवाल्याची युक्ती वापरा. गॅस्केटं बांधून आत हवा भरा, शिवणींवर आणि झिपेवर साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे दिसतील तिथं गळती. गॅस्केट चिकट लागलं किंवा ताणल्यावर चिरा दिसल्या तर ते बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा निओप्रीनचा पोशाख, ज्यात पाणी आत येतं, स्वस्त पडतो आणि वल्हवणाऱ्याला चालतो. मासे धरणारा मात्र तासन्‌तास हलत नाही, भिजल्या वेटसूटवर वारा लागला की तो गारठतो. हातमोजे आणि निओप्रीनची टोपी हवीच.

लाइफजॅकेट प्रत्येकामागं एक होडीत असणं कॅनडात कायद्यानं लागतं. होडीत ठेवू नका, अंगात घाला, आणि त्याला शिट्टी बांधा. मासेमारीचे परवाने दोन वेगळे: खाऱ्या पाण्याचा केंद्राचा, गोड्या पाण्याचा प्रांताचा. दोन्हींचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

पहिल्यांदा गळ घेऊन जाऊच नका. सगळं अंगावर चढवून, एका जोडीदाराला घेऊन, काठालगत छातीभर पाण्यात मुद्दाम उलटा आणि परत चढा. पाच वेळा. जमलं नाही तर त्या दिवशी परत या.

सांगलीवाडीच्या पोरानं शेवटी विचारलं, मग इथून काय नेऊ? दोन पंचे ने म्हटलं, काठावर कपडे बदलायला आणि लवकर वाळायला त्यांच्यासारखं काही तिथं मिळत नाही. चांगला थर्मास ने. आणि उंची, छाती, कंबर, मान, मनगट, पाऊल, सगळी मापं शिंप्याकडून घेऊन वहीत लिहून ठेव.