बैठक दुबईत, खटला अमेरिकेत

भोसरीतले एक उद्योजक मागच्या महिन्यात माझ्याकडे आले. "मॅडम, स्पर्धक कंपन्यांनी मिळून मालाचा भाव ठरवायचं बोलणं दुबईच्या प्रदर्शनात झालं, टेबलावर सगळे आपलेच. अमेरिकेचा काय संबंध?" मी कंपनी सेक्रेटरी आहे. हा प्रश्न चाकणपासून हडपसरपर्यंत ऐकते आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

बैठक कुठे झाली, ते बाजूला ठेवा. त्या मालाची वर्षभराची बिलं काढून तीन गठ्ठे करा. पहिला, थेट अमेरिकी ग्राहकाला गेलेला माल. दुसरा, इतर देशातल्या कारखान्यात कशात तरी बसून तिकडे पोहोचलेला. तिसरा, अमेरिकेशी संबंध नसलेला. पहिल्यात काही निघालं, तर १८९० चा शर्मन कायदा, म्हणजे स्पर्धकांनी मिळून भाव ठरवण्याविरुद्धचा अमेरिकी कायदा, तुमच्या दारात आहे. दुसऱ्यासाठी अमेरिकेच्याच १९८२ च्या कायद्याची कसोटी लागते: अमेरिकी बाजारावरचा परिणाम थेट, भरीव आणि आधीच अंदाज येण्याजोगा होता का? यावर तिथल्या न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे अमेरिकी वकिलाशिवाय ठरवू नका. तिसऱ्यालाही त्या-त्या देशाचा कायदा असतोच.

निप्पॉन पेपर या जपानी कंपनीचं प्रकरण मी सगळ्यांना सांगते. फॅक्सच्या कागदाचे भाव ठरवणाऱ्या बैठका जपानमध्ये झाल्याचा आरोप होता. तरी फौजदारी खटला चालू शकतो, असं १९९७ मध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने ठरवलं. शर्मन कायद्यात शिक्षा व्यक्तीला १० वर्षांपर्यंत कैद, कंपनीला १० कोटी डॉलरपर्यंत दंड. आपल्या स्पर्धा कायद्यात कार्टेलला, म्हणजे स्पर्धकांच्या अशा संगनमताला, दंडच आहे, कैद नाही. म्हणून इथले लोक गाफील राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉट्सॲपचा एकही मेसेज पुसू नका, कोणाला पुसायलाही सांगू नका. ब्रिटनमधल्या एका कंपनीचे माजी प्रमुख इयन नॉरिस यांना निव्वळ भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेकडे सोपवता येणार नाही, असा निकाल २००८ मध्ये लागला होता. तरी २०१० मध्ये त्यांना पाठवलं गेलं, तपासात अडथळा आणल्याच्या आरोपावरून, आणि शिक्षा झाली १८ महिन्यांची.

असं बोलणं झाल्याचं कळेल त्याच दिवशी वकील गाठा. अमेरिकेची फौजदारी माफी कबुली द्यायला पहिल्या येणाऱ्या कंपनीलाच मिळते. आपल्या स्पर्धा आयोगाकडची कलम ४६ ची दंडातली सवलत वेगळी. एकीकडे गेलात म्हणून दुसरीकडे सुटका नाही.

आणि पुढच्या प्रदर्शनात कोणी भावाचा विषय काढला, तर "मला हे बोलायचं नाही" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून उठा. किती वाजता उठलात, टेबलावर कोण होतं, ते हॉटेलवर पोचताच लिहून ठेवा.