पंख मुळाशी हलतोय? नट आवळण्याआधी या चुका टाळा

घरी बांधलेल्या हलक्या विमानाचा पंख टोकाला धरून हलवला आणि मुळाशी बारीक ‘टक्’ ऐकू आलं, की हात आधी पान्याकडे जातो. तिथेच थांबा. हा प्ले, म्हणजे जोडातला ढिलेपणा, नटामुळे क्वचितच येतो. झीज झालेली असते ती भोकाची, बुशची (भोकात बसवलेली धातूची नळी) किंवा बोल्टच्या दांड्याची.

चूक: पंख नुसता हलवून ‘ठीक आहे’ म्हणणं

उभ्या विमानात पंखाचं वजन जोडाला सतत एकाच बाजूला दाबून ठेवतं, त्यामुळे प्ले लपतो. मदतनिसाला टोक अलगद उचलायला सांगा, मुळावरचा भार उतरेल इतकंच. त्या अवस्थेत त्याने पंख वर-खाली आणि मग पुढे-मागे हलवावा. तुम्ही बोटाचं पेर जोडाच्या फटीवर ठेवा, अर्धं पंखाच्या फिटिंगवर (बोल्ट ज्यातून जातो तो धातूचा तुकडा) आणि अर्धं बॉडीच्या. डोळ्यांना न दिसणारी सरकही बोटाला कळते. मोजायची असेल तर तिथेच डायल गेज (बारीक सरक मोजणारं घड्याळी मापक) लावा. स्ट्रट, म्हणजे पंखाला बॉडीपासून दिलेला तिरका टेकू, असलेल्या विमानात स्ट्रटची दोन्ही टोकं आणि तिथला चेकनट (मुख्य जोड सैल होऊ न देणारा दुसरा नट) याच पद्धतीने बघा; दोष तिथे असला तर मुळाशी कितीही काम करा, टोक हलतच राहील.

टोकाची हालचाल मुळाशी किती भरते याचा हिशोब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या बोल्टमध्ये 60 सेंमी अंतर असेल आणि पंख 4 मीटर लांब असेल, तर मागच्या जोडातल्या अर्ध्या मिलिमीटरच्या सरकेने टोक पुढे-मागे 3 मिमीहून जास्त हलतं.

फिटिंगच्या कडेने अॅल्युमिनियमवर काळपट पूड किंवा पोलादावर तांबूस-तपकिरी पूड दिसली, तर ती नुसती पुसून टाकू नका. घासून झिजलेल्या धातूची ती पूड आहे, आणि कुठला जोड हलतोय हे तीच दाखवते.

चूक: नट आवळून प्ले घालवणं

ही सगळ्यात घातक. पंखाचा बोल्ट मुख्यतः आडवा भार घेतो. तो भार दांडा आणि भोक यांच्या नेमक्या बसण्यावर पेलला जातो. नट जास्त आवळला की फिटिंगचे दोन कान (बोल्टच्या भोकाच्या दोन बाजूंच्या पट्ट्या) एकमेकांकडे वाकतात, घर्षणाने जोड धरल्यासारखा होतो आणि जमिनीवर प्ले गेलासा वाटतो. हवेत भार आला की तो परततो, वर कानाच्या मुळाशी कायमचा ताण राहतो तो वेगळाच. पाव इंची एएन 4 बोल्टला (एएन हे विमानाच्या बोल्टांचं एक प्रमाण) साध्या नटासाठी 50 ते 70 इंच-पाउंड टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, असतो, फक्त आडव्या भारासाठीच्या पातळ शिअर नटासाठी 30 ते 40. जोड फिरता किंवा घडीचा असेल तर कॅसल नट (खाचा असलेला नट) आणि त्या खाचेतून जाणारी कॉटर पिन हवी. तिथे आराखड्यात दिलेलाच टॉर्क धरा.

चूक: बोल्ट बदलला की झालं असं मानणं

आधी मोजा. मायक्रोमीटरने दांडा डोक्याजवळ (जिथे झीज नसते) आणि मधे मोजा. भोक दोन्ही तोंडांशी आणि मधे, तेही दोन दिशांनी मोजा. लंबगोल झालं असेल तर लगेच कळेल. साधा एएन 4 बोल्ट मुळातच 0.250 इंचापेक्षा 1 ते 4 हजारांश इंच बारीक असतो. भोक चांगलं असेल तर क्लोज टॉलरन्स बोल्टने (मापाला जास्त नेमका बनवलेला) काम भागू शकतं.

ग्रिप, म्हणजे आटे नसलेला भाग, जोडाच्या जाडीइतकी हवी. आटे भोकात आले तर ते कानशीसारखे धातू खातात. पूर्ण आट्यांचा बाजारी बोल्ट इथे चालणारच नाही.

चूक: ड्रिलने भोक मोठं करणं

ड्रिलचं भोक गोल आणि सरळ येईलच असं नाही. काम रीमरचं आहे (भोक नेमक्या मापाला गुळगुळीत करणारं हत्यार), तेही दोन्ही भाग जागेवर क्लॅम्प करून. त्याआधी ओळंबा सोडून दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटीपर्यंतची अंतरं जुळवा आणि दोन्ही पंखांचा बसण्याचा कोन सारखा करा. वाकड्या स्थितीत रीम केलं तर वाकडेपणा कायम होतो. रीमर सावकाश, तेल देत, एकाच दिशेने फिरवा. बाहेर काढतानाही उलटा फिरवू नका, धार जाते आणि भोकाला ओरखडे पडतात.

एकदम पुढच्या मापावर जाऊ नका. 1/64 इंच मोठ्या दांड्याचे ओव्हरसाइज बोल्ट मिळतात. कडेचं अंतरही बघा: भोकाच्या केंद्रापासून कड साधारणपणे व्यासाच्या दुप्पट तरी लांब हवी. पाव इंचाला 12.7 मिमी पुरतात, 5/16 इंचाला 15.9 लागतात. तेवढी जागा नसेल तर फिटिंग बदला किंवा बुश घाला, आणि दोन्हींसाठी डिझाइनरची लेखी संमती घ्या.

आणखी काही

डब्याच्या पत्र्याची पट्टी बोल्टभोवती गुंडाळू नका. ती चुरगळते आणि प्ले आधीपेक्षा वाढतो. भोकात इपॉक्सी भरणंही तसंच. फिटिंग जिथे एकमेकांना चिकटून बसतात तिथलं पावडर कोटिंग काढा. तो मऊ थर दबत जातो आणि टॉर्क उतरतो.

लाकडी स्पारमध्ये (पंखाच्या लांबीभर जाणारा मुख्य दांडा) कोरड्या हवेत लाकूड आकसून नट ढिले होणं स्वाभाविक आहे. तिथे रुंद वॉशर ठेवून ठरलेला टॉर्क पुन्हा द्या, लाकूड चेपेपर्यंत नाही. पण भोक लंबगोल झालं असेल किंवा त्यातून चीर निघाली असेल, तर तो भाग कापून नवा जोडावा लागतो, नाहीतर अख्खा स्पार बदलावा लागतो.

काम झाल्यावर तीच बोटाची चाचणी परत करा. पहिल्या उड्डाणानंतर टॉर्क आणि ती पूड, दोन्ही पुन्हा बघा.