कंपोस्टमधलं जस्त-बोरॉन तपासणाऱ्या लॅबमध्ये नव्याने लागताय?

एमएस्सी ॲग्री किंवा साधी बीएस्सी केमिस्ट्री करून लॅबला लागलं की वाटतं, एएएस मशीनचं (द्रावणातला धातू किती ते मोजणारं यंत्र) बटण दाबलं की जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) यांचे आकडे हजर. पण मशीनवर बसायला सुरुवातीला कोणी देतच नाही आणि ते बरंच आहे, रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा मशीनच्या आधीच.

शेतकरी ढिगावरचं कोरडं खत पिशवीत भरून आणतात. त्यांना सांगा, आतून पाच-सहा ठिकाणचं घ्या, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, असं करत अर्ध्या किलोवर आणा. आणि हे लोखंडी घमेल्यात नाही, प्लास्टिकच्या टबात. गॅल्व्हनाइज्ड चाळणीला तर हातही लावू नका, तिच्यावर जस्ताचाच मुलामा असतो, मग जस्त भरघोस येणारच की!

डायजेशन, म्हणजे खत आम्लात विरघळवणं, मात्र नीट शिकून घ्या. 1 ग्रॅम वाळवलेल्या खतावर आधी नुसतं नायट्रिक ॲसिड टाकून रात्रभर ठेवायचं, मग 9:4 नायट्रिक-परक्लोरिक ॲसिडचं मिश्रण टाकून फ्युम हूडमध्ये (धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटात) तापवायचं, आधी तपकिरी धूर निघतो, मग दाट पांढरा, आणि खाली पाण्यासारखं स्वच्छ द्रावण उरतं. ते पूर्ण आटू द्यायचं नाही. कच्च्या खतावर थेट परक्लोरिक कधीच ओतू नका, स्फोट होतो, सिनियर घाईत असला तरी ऐकू नका.

प्रत्येक बॅचला ब्लँक हवाच, म्हणजे खत सोडून बाकी सगळं तसंच. समजा त्या 1 ग्रॅमचं द्रावण पाणी घालून 100 मिली केलं, जस्ताचं रीडिंग 1.8 पीपीएम, ब्लँकचं 0.1, तर 1.7 गुणिले 100, म्हणजे किलोला 170 मिलिग्रॅम. बोरॉनचा मामला वेगळा, तो ॲझोमेथीन-एच या रसायनाने रंग आणून 420 नॅनोमीटरला बघतात आणि त्यासाठी भांडी प्लास्टिकची, कारण नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेतूनच बोरॉन उतरतं.

मग फोन येतो, "साहेब, जस्त 170 आलंय, आता झिंक सल्फेट नको ना टाकायला?" हा आकडा एकूण जस्ताचा, पिकाला लगेच मिळणारं त्यातलं थोडंच. मग पिकाला मिळणारं जस्त मोजणारी डीटीपीए चाचणी करा म्हणतील, पण 1978 ची लिंडसे-नॉरवेलची ती पद्धत मुळात मातीसाठी बसवलेली, तिचे कमी-जास्तचे निकष खताला लावू नका. आणि खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टला (शहरी कचऱ्याच्या खताला) किलोला जस्त 1000, तांबं 300 मिलिग्रॅम लिहिलंय ना, ती कमाल मर्यादा आहे, तिच्या जवळ जाणारं खत भारी असं कोणाला सांगून बसू नका.